मंडळाच्या साइटसाठी स्वतःचा सर्च: झॅपियन ओमेगा सोर्सवरून बांधतोय, मदत हवी

सूरसागरकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी बघतो. मंडळाचा वार्षिक अंक १९७१ पासून निघतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा खालच्या खोलीतलं कपाट भिजलं आणि त्यात बरेच जुने अंक गेले. जे वाचले ते, आणि सभासदांच्या घरोघरी फिरून जे मिळाले ते, असं सगळं गेलं वर्षभर आम्ही स्कॅन करून, टाइप करून साइटवर चढवतोय. आत्ता साधारण २,१०० फाइली आहेत, काही एचटीएमएल काही पीडीएफ.

आता अडचण अशी की एवढं सगळं चढवलं पण शोधायला काहीच नाही. मध्यंतरी बाहेरचा एक फुकट सर्च बॉक्स लावला होता, तो आधी जाहिराती दाखवायचा आणि मग आमची पाचपंचवीस पानं. सभासद फोन करून विचारतात की माझ्या आजोबांची कविता कोणत्या अंकात आहे, मग मी एकेक अंक उघडून बघतो. गणपतीच्या आधी हे संपवायचंय.

बरंच वाचून झॅपियन (शोधायचं इंजिन) आणि त्याच्यावरचं ओमेगा (ते वेबसाइटला जोडणारा भाग) निवडलं. सी++ मध्ये आहे, जीपीएल लायसन्स, डेटाबेसचा वेगळा सर्व्हर लागत नाही, चोवीस तास काही चालू ठेवावं लागत नाही, फाइली वाचून इंडेक्स (शब्दांची सूची) बनवतो आणि सीजीआय मधून, म्हणजे कोणी शोधलं की तेवढ्यापुरता वेबसर्व्हरने चालवून, उत्तर देतो. आमचा सर्व्हर छोटा आहे, १ जीबी रॅम, उबुंटू.

आज संध्याकाळी बसलो. झॅपियन कोअरचा सोर्स (मूळ कोड) उतरवला, कॉन्फिगर नीट झालं (आधी झेडलिब सापडत नाही म्हणाला, तिचं डेव्ह पॅकेज टाकलं मग पुढे गेला), मग मेक (कोडवरून प्रोग्रॅम बांधणारी कमांड) ला जे ४ देऊन चालवलं आणि दहा मिनिटांनी कंपायलरच मेला. इंटर्नल कंपायलर एरर, किल्ड, आणि पुढे सीसी१प्लस असं काहीतरी. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच, पण दर वेळी वेगळ्या फाइलवर. सोर्समध्ये काही खराबी आहे का?

---

मांजलपूर_निखिल | ३ ऑगस्ट, रात्री ११:२५

सोर्समध्ये काही नाही दादा. "किल्ड" आहे ना, म्हणजे लिनक्सनेच मारलाय, मेमरी संपली म्हणून. सी++ ची एकेक फाइल कंपाइल करायला बरीच रॅम जाते आणि तुम्ही चार एका वेळी लावल्यात १ जीबी मध्ये. दर वेळी वेगळी फाइल मरते त्यावरूनच कळतं, कोड चुकला असता तर दर वेळी त्याच जागी अडकला असता. डीमेसेग (लिनक्सचे निरोप दाखवणारी कमांड) बघा, त्यात आउट ऑफ मेमरी अशी ओळ मिळेल.

दोन गोष्टी करा. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवा, म्हणजे एफ-ऍलोकेट, मग परमिशन ६००, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. आणि मेक नुसतं चालवा, जे न देता. वेळ लागेल पण होईल. मेक क्लीन करायची गरज नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जाईल, फक्त जी फाइल अर्धी राहिली तिचं ऑब्जेक्ट उडवा.

घरच्या लॅपटॉपवर कंपाइल करून नुसती बायनरी वर नेऊन ठेवू नका, माझा अनुभव आहे, लॅपटॉपवर नवीन उबुंटू आणि सर्व्हरवर जुनं असलं की तिथे गेल्यावर जीलिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अमुक आवृत्ती सापडत नाही असं सांगून चालतच नाही.

---

लष्करवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

ग्वाल्हेरहून नमस्कार. एक सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. उबुंटूमध्ये झॅपियन ओमेगाचं तयार पॅकेज आहे. ऍप्टने (उबुंटूची पॅकेज टाकायची कमांड) एका ओळीत येतं. मग सोर्सवरून का बांधायचं? सोर्सवरून बांधलं की पुढे सिक्युरिटी अपडेट आला तर तो आपणच टाकायचा, आपोआप काही येत नाही, आणि दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही की काय कुठे टाकलं होतं. मी सरकारी कामात असे सर्व्हर बघितलेत की ज्याने बांधलं तो बदली होऊन गेला आणि मागे कोणाला हात लावायची हिंमत नाही.

---

सूरसागरकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

@निखिल, झालं! स्वॅप टाकून नुसतं मेक लावून झोपलो, सकाळी उठून बघतो तर पूर्ण. खूप आभार.

@लष्करवाला काका, राग कसला, बरोबर विचारलंत. ऍप्टचंच आधी टाकून बघितलं होतं, चालतं. पण मराठी शोधताना काही गोष्टी जुळत नव्हत्या, आणि मला वाटतंय की आतमध्ये थोडा बदल करावा लागेल. नक्की काय ते अजून पूर्ण कळलेलं नाही, कळलं की लिहितो. बदल करायचाय म्हणून सोर्स. नुसतं वापरायचं असतं तर मी पण ऍप्टच म्हटलं असतं.

---

रावपुरा_जुने_घर | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

धागा बघून फार बरं वाटलं. मी रिटायर्ड, फॅक्टरीत कंप्युटर विभागात होतो. तेव्हा आम्ही एचटीडिग नावाचा सर्च प्रोग्रॅम वापरायचो, तो सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीत १९९५ च्या सुमारास निघाला होता, त्या काळी अर्ध्या जगाच्या कॉलेजांच्या साइटवर तोच असायचा. स्वतः पानांवरून फिरून लिंका धरत धरत इंडेक्स करायचा. इंग्रजीला उत्तम. पण यूटीएफ-८ त्याला येत नसे त्यामुळे मराठी पानांचा नुसता चुरा. २००४ च्या बीटानंतर मूळ प्रकल्पाचं काम थांबलंच. त्यामुळे कोणी जुना लेख वाचून तो सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका.

झॅपियनचं मूळ माहीत आहे का? केंब्रिजमध्ये मार्टिन पोर्टर म्हणून गृहस्थ, त्यांच्या मस्कॅट नावाच्या सिस्टीममधून हे आलंय. तेच पोर्टर ज्यांचा १९८० चा इंग्रजी स्टेमर सगळीकडे वापरतात, शब्दाचा शेपूट कापून मूळ काढणारा. मराठीला असा स्टेमर त्यात नाही, त्यामुळे ओएमइंडेक्स (ओमेगातला इंडेक्स बनवणारा प्रोग्रॅम) चालवताना स्टेमर नन द्यायला विसरू नका. न दिला तर तो इंग्रजी धरून चालतो.

---

इंदूरची_मुक्ता | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी ऑफिसमध्ये सोलर नावाचं सर्च सॉफ्टवेअर वापरते म्हणून त्या बाजूने लिहिते. त्याच्या आतल्या लुसीन लायब्ररीमध्ये भारतीय लिप्यांसाठी नॉर्मलायझर (वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं एकसारखं करणारा) आहे, हिंदीचा स्टेमर आहे, ते पण तुम्ही बघू शकता. पण दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे जावा, १ जीबी मध्ये सोलर आणि वेबसाइट दोन्ही चालवणं म्हणजे सतत जीव टांगणीला. दुसरी जास्त महत्त्वाची, तो हिंदी नॉर्मलायझर मराठीला जसाच्या तसा लावला की घोळ होतो. तो ऱ चा र करतो, आणि हलन्त काढूनच टाकतो. हिंदीत ऱ लागत नाही त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना वेगळे आणि आचाऱ्यांना वेगळे. एक करून टाकलं की संपलं.

त्यामुळे झॅपियनच बरोबर आहे तुमच्यासाठी. फक्त मराठीचं काम तुम्हाला स्वतः करावं लागेल.

---

सूरसागरकाठ | ७ ऑगस्ट, रात्री ११:४०

तीन दिवसांचा हिशोब एकदम देतो, पुढे कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

कोअर मेक इन्स्टॉल केलं, प्रीफिक्स (कुठे टाकायचं तो पाथ) काही दिला नव्हता म्हणून युजर लोकलमध्ये गेलं. मग ओमेगाचा सोर्स उघडला, कॉन्फिगर म्हणाला झॅपियन-कॉन्फिग सापडत नाही. ते माझ्याच चुकीने, कोअर इन्स्टॉल व्हायच्या आधी दुसऱ्या खिडकीत कॉन्फिगर लावलं होतं. आधी कोअर पूर्ण, मग ओमेगा, हा क्रम पाळायचाच. आणि कोअर वेगळ्या जागी टाकलं असेल तर कॉन्फिगरला झॅपियन-कॉन्फिगचा पूर्ण पाथ द्यावा लागतो. पुढे लिबमॅजिक मागितलं (फाइल कोणत्या प्रकारची ते ओळखायला), मग पीसीआरई (मजकुरातले नमुने शोधणारी लायब्ररी) मागितलं. दोन्हींचं डेव्ह पॅकेज टाकायचं, नुसतं साधं पॅकेज आधीपासून असतं तेवढ्याने भागत नाही, कारण कंपाइल करायला हेडर फाइली लागतात. याच्यात माझा अर्धा तास गेला, पॅकेज तर दिसतंय मग नाही का म्हणतो.

मग सगळं बांधून झालं, ओएमइंडेक्स चालवला तर लिबझॅपियन डॉट एसओ डॉट ३० उघडता येत नाही. फाइल तर तिथेच आहे! शेवटी कळलं की एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलं होतं, नवी लायब्ररी आली हे लोडरला सांगावं लागतं. एक ओळ, झालं.

मग वेबसाइटला जोडायला ओमेगाची बायनरी साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवली तर ब्राउझरने ती चालवायच्या ऐवजी डाउनलोडच करून दिली. अपाचीत (आमचा वेबसर्व्हर) सीजीआय चालू नव्हतं. मॉड्यूल चालू करून बायनरी सीजीआय-बिनमध्ये नेली. आणि मग ओमेगा डॉट कॉन्फ, त्यात डेटाबेस कुठे, टेम्प्लेट कुठे, लॉग कुठे ते पाथ असतात. मी फाइल बनवली होती पण टेम्प्लेटचं फोल्डर दाखवलेल्या जागी नव्हतंच, सोर्समधून कॉपी केलं तेव्हा पान उघडलं.

रात्री साडेदहाला पहिल्यांदा "गरबा" टाकून एंटर मारलं आणि आमच्याच अंकांची यादी समोर आली. बायकोला उठवून दाखवलं.

---

मांजलपूर_निखिल | ८ ऑगस्ट, सकाळी ९:००

वा वा! अभिनंदन.

पुढच्या वेळी बांधाल तेव्हा प्रीफिक्स द्या, ऑप्टमध्ये झॅपियन नावाचं फोल्डर करून त्यात. फायदा असा की सगळं एका जागी राहतं, काढायचं झालं तर एक फोल्डर उडवलं की झालं, ऍप्टवालं झॅपियन कधी आलं तरी एकमेकांत मिसळत नाही. आणि एलडीकॉन्फिगची भानगड पण बहुतेक येत नाही, कारण अशा वेगळ्या जागेचा पाथ लिबटूल (बांधताना लायब्ररी जोडणारं साधन) बायनरीतच लिहून ठेवतं. लष्करवाला काकांचा मुद्दा पण यात थोडा सुटतो. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, कोणती आवृत्ती, कॉन्फिगरला काय काय दिलं, काय बदललं, तारीख.

---

वाचनवेडी | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

मी याच मंडळाची सभासद, ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. सूरसागरकाठने मला तपासायला दिलंय म्हणून आज दुपारभर बसून शोधून बघितलं.

आधी कौतुक. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरायच्या. आम्ही नोकरीत लागलो तेव्हा जुनी माणसं सांगायची, पेटीपेक्षा पेटीतली यादी जपा. यादी नसेल तर पुस्तक असून नसल्यासारखं. तू जे करतोयस ना बाळा ते तेच काम आहे.

आता तक्रारी. वडिलांचा १९८३ च्या अंकातला लेख मी स्वतः टाइप करवून दिला होता, त्याच्या शीर्षकात "दुसऱ्या" हा शब्द आहे. फोनवरून "दुसऱ्या" शोधलं तर इतर नऊ पानं आली, वडिलांचा लेख नाही. लेखाच्या पानावरून तोच शब्द कॉपी करून शोधला तर लेख आला, पण मग बाकीची नऊ गायब! डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसतात.

दुसरं, "इंदूर" शोधलं तर "इंदुरात" असलेली पानं येत नाहीत. "बडोदे" शोधलं तर "बडोद्यात" नाही. एवढ्याने तर निम्मं काम अडतं, मराठीत नाव नुसतं कुठे येतं, त्याला काहीतरी चिकटूनच येतं.

तिसरं, १९९४ ते २००३ चे अंक कुठलाही शब्द टाकला तरी येत नाहीत.

---

इंदूरची_मुक्ता | ९ ऑगस्ट, रात्री ८:४५

काकू, तुमची पहिली तक्रार वाचून लगेच लिहायला बसले कारण हे मला माहिती आहे.

मराठीतला हा अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त, आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या" सारखेच, पण कंप्युटरला ते दोन वेगळे शब्द. तुमचा लेख ज्याने टाइप केला त्याच्याकडे जुना कीबोर्ड असणार आणि तुमच्या फोनवर नवा आहे.

झॅपियन तर आणखी पुढे जातो, शब्दाच्या मधे आलेला जॉइनर तो सोडूनच देतो. म्हणजे जुन्या पद्धतीचा शब्द इंडेक्समध्ये नुसता "दुसर्या" म्हणून बसतो, रफार असलेला. म्हणून जुळत नाही. आणि दऱ्यांचा दर्या होतो तो इथेच.

असंच अॅ चं पण आहे. ते २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आलं, त्याच्या आधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजूनही खूप कीबोर्ड तसंच देतात. बॅट चालेल पण अॅप अडेल.

---

सूरसागरकाठ | १० ऑगस्ट, रात्री १२:१०

मुक्ताताई, हेच! ऍप्टवाल्यात जे जुळत नव्हतं ते हेच होतं, मला कारण सापडत नव्हतं. काका, आता सांगू शकतो सोर्स कशाला हवा होता ते.

आज असं केलं. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट, सगळ्या पानांची एक वेगळी प्रत बनवते आणि त्या प्रतीत र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करते, अ वर चंद्र असेल तर एक अक्षर करते, उरलेले न दिसणारे जॉइनर काढते. हा क्रम महत्त्वाचा, आधी जॉइनर काढले तर मग दऱ्या कुठली आणि दर्या कुठला ते कळायचा मार्गच राहत नाही. ओएमइंडेक्स त्या प्रतींवर चालवतो, यूआरएल मात्र मूळ पानाचा देतो.

मग उत्साहात आणखी एक केलं, त्याच स्क्रिप्टमध्ये सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि दीर्घ उकार ऱ्हस्व करून टाकले, म्हणजे इंदूर आणि इंदुरात दोघांची सुरुवात सारखी होईल. उकार-वेलांटी चुकवून शोधणाऱ्यांना पण सापडेल.

---

वाचनवेडी | १० ऑगस्ट, सकाळी ११:३०

हे चालणार नाही. शोधल्यावर खाली लेखातल्या दोन ओळी येतात ना, त्यात सगळं शुद्धलेखन चुकीचं दिसतंय. "पाणि", "नदि", "सुर्य". लेखक हयात नाहीत, त्यांच्या नावाखाली असं छापायचं नाही. सापडलं नाही तरी चालेल पण हे नको.

---

मांजलपूर_निखिल | १० ऑगस्ट, दुपारी ३:१५

काकूंचं अगदी बरोबर आहे. खालच्या दोन ओळी ओएमइंडेक्स त्या प्रतीतूनच उचलतो म्हणून तसं होतंय.

दादा, दोन बदल वेगळे करा. जो बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे अर्धा र आणि अॅ, तो प्रतीतच राहू द्या, दिसायला काही फरक नाही. जो बदल दिसतो, ऱ्हस्व-दीर्घ, तो प्रतीत करायचाच नाही, तो झॅपियनच्या आत करायचा. इंग्रजीत बघा, कॅपिटल आणि स्मॉल एकच धरून शोधतो पण दाखवताना मूळ जसं आहे तसंच दाखवतो. त्यासाठी कोअरमध्ये टू-लोअर नावाचं फंक्शन आहे, युनिकोडच्या हेडर फाइलमध्ये. इंडेक्स करताना पण तेच लागतं आणि शोधायचा शब्द वाचताना पण तेच. त्यात चार ओळी वाढवा, ई आला तर इ, ऊ आला तर उ, दुसरी वेलांटी आली तर पहिली, दुसरा उकार आला तर पहिला. म्हणजे दीर्घ हे आपलं कॅपिटल समजायचं.

हेडर बदलल्यामुळे कोअर आणि ओमेगा दोन्ही पुन्हा बांधा, आणि जुना इंडेक्स टाकून नवा करा, नाहीतर जुने शब्द दीर्घ आणि नवे ऱ्हस्व असे एकत्र राहतील.

शोधायच्या शब्दाला अर्ध्या र चं पण करावं लागेल हे विसरू नका. ते एका अक्षराचं काम नाही त्यामुळे टू-लोअरमध्ये बसत नाही. ओमेगाच्या सोर्समध्ये क्वेरी नावाची फाइल आहे, फॉर्ममधला पी हा पॅरामीटर, म्हणजे शोधायचा मजकूर, जिथे वाचला जातो तिथेच एक छोटं फंक्शन लावा.

---

लष्करवाला | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

माझा आक्षेप मागे घेतो. हे ऍप्टने झालं नसतं. दीर्घ म्हणजे कॅपिटल, हे फार पटलं.

फक्त एक शंका. दिन आणि दीन एक होतील. चालेल का काकू?

---

वाचनवेडी | १० ऑगस्ट, रात्री ८:३०

शोधताना चालेल. चार पानं जास्त आली तर वाचणारा निवडून घेतो, पण आलंच नाही तर तो समजतो की नाहीच आहे. छापताना मात्र नाही.

---

सूरसागरकाठ | १४ ऑगस्ट, रात्री ११:५५

निखिल, अगदी तू सांगितलंस तसंच केलं. या वेळी ऑप्टमध्ये प्रीफिक्स देऊन दोन्ही बांधलं, टेक्स्ट फाइल ठेवली, केलेले बदल पॅच फाइल करून तिच्याशेजारी ठेवले म्हणजे झॅपियनची नवी आवृत्ती आली की पॅच लावून पुन्हा बांधता येईल, मी असो नसो.

टेम्प्लेटमध्ये वाइल्डकार्डचा (पुढे काहीही आलं तरी जुळवायचा) फ्लॅग चालू केला. आता इंदूर आणि पुढे तारा (*) टाकला की इंदूरला, इंदुरात, इंदूरच्या, इंदूरकर सगळे येतात. बडोदेला मात्र तसं होत नाही, कारण बडोद्यात मध्ये दे चाच द्या होतो, पाणीचं पाण्यात होतं तसं. तिथे शेवटची मात्रा किंवा वेलांटी सोडून "बडोद" तारा, "पाण" तारा असं टाकावं लागतं. सर्चच्या चौकटीखाली दोन ओळींत हे लिहून ठेवलंय, उदाहरणासकट. पूर्ण उपाय नाही हे मला माहिती आहे, मराठीचा चांगला स्टेमर कोणी केला तर त्याला मी स्वतः बडोद्यात बोलावून शेव-उसळ खाऊ घालीन.

आणखी एक सापडलं ते लिहून ठेवतो. काही लांब शब्द इंडेक्समध्ये येतच नव्हते, "साहित्यसंमेलनाध्यक्षपदासाठी" असले. झॅपियन डीफॉल्टने ६४ बाइटपेक्षा लांब शब्द सोडून देतो. इंग्रजीला ६४ म्हणजे भरपूर, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे, म्हणजे २१ चिन्हं झाली की संपलं. वरच्या शब्दात २७ आहेत, ८१ बाइट. कोअरमध्ये ६४ चे १२० केले. एका टर्मची वरची मर्यादा २४५ बाइट आहे त्यामुळे तिथे अडचण नाही.

रोज पहाटे ३ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) स्क्रिप्ट आणि मग ओएमइंडेक्स. पहिल्या दोन रात्री तो सगळ्याच फाइली पुन्हा इंडेक्स करत बसला, कारण प्रती नव्या बनल्या की त्यांची तारीख पण नवी होते आणि तो तारीख बघूनच ठरवतो काय बदललं. आता प्रत बनवल्यावर टच कमांडने मूळ फाइलची तारीख तिला देतो. पूर्वी वीसेक मिनिटं जायची, आता काही सेकंदात संपतं.

---

रावपुरा_जुने_घर | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. "आहे", "आणि", "होते" हे शब्द यादीतून वगळायचे का असं मला काल फोनवर विचारलंत, ते इथेच सांगतो, नका वगळू. क्रम लावताना जो शब्द जवळजवळ सगळ्याच पानांत आहे त्याला वजन आपोआप कमी मिळतं, ही कल्पना केंब्रिजच्याच कॅरेन स्पार्क जोन्स बाईंनी १९७२ मध्ये मांडली, झॅपियनचं बीएम२५ हे क्रम लावायचं सूत्र त्याच पायावर उभं आहे. वगळलेत तर एखाद्या कवितेची पूर्ण ओळ अवतरणात टाकून शोधणारा मात्र अडकेल.

---

वाचनवेडी | १५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

"दुसऱ्या" टाकलं. दहा पानं. वडिलांचा लेख तिसरा आहे, खालच्या दोन ओळी जशाच्या तशा, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी.

नातवाला फोनवर वाचून दाखवला. त्याने पहिल्यांदाच ऐकला.

आता माझी तिसरी तक्रार बाकी आहे. १९९४ ते २००३.

---

सूरसागरकाठ | १५ ऑगस्ट, रात्री १०:२०

हो काकू, ते विसरलो नाही. ते अंक डीटीपीवाल्याकडून आलेल्या पीडीएफ आहेत, त्या काळात युनिकोड कोणी वापरत नव्हतं, सगळे श्रीलिपी नाहीतर तसल्याच फॉन्टमध्ये. दिसतं मराठी पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. पीडीएफ-टू-टेक्स्ट त्याच्यातून नुसता कचरा काढतं, आणि इंडेक्समध्ये तोच कचरा जातोय.

---

इंदूरची_मुक्ता | १५ ऑगस्ट, रात्री ११:०५

यात दोन प्रकार वेगळे काढा. ज्या पीडीएफ मध्ये जुन्या फॉन्टचा मजकूर आहे त्या कन्व्हर्टरने युनिकोड करायच्या, कारण अक्षरं नक्की आहेत, फक्त नकाशा वेगळा आहे. त्यात दोन जागी लक्ष ठेवावं लागतं, पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप केलेली असते ती नंतर न्यायची, आणि रफार नंतर असतो तो आधी आणायचा. जोडाक्षर असेल तर कन्व्हर्टर इथेच चुकतात, म्हणून माणसाने वाचून बघितल्याशिवाय चढवू नये.

आणि ज्या नुसत्या स्कॅन आहेत त्यांना टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) लावा, त्यात मराठीचा डेटा आहे. ३०० डीपीआयच्या खाली स्कॅन देऊ नका. त्याच्यात पण र आणि स, घ आणि ध मधे चुका होतात, वाचावं लागतंच.

---

लष्करवाला | १६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

दहा अंक एकट्याने वाचायचे म्हणजे दिवाळी उजाडेल. कन्व्हर्ट करून झाले की एकेक वाटून द्या. मी १९९४ आणि १९९५ घेतो, दुपारी मला वेळच असतो. ग्वाल्हेरला बसून बडोद्याचे अंक वाचीन.

---

इंदूरची_मुक्ता | १६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

१९९६ माझा. आईला पण विचारते, तिचं माहेर बडोद्याचं, मांडवीजवळ. ती १९९७ घेईल बहुतेक.

---

वाचनवेडी | १६ ऑगस्ट, सकाळी १०:००

१९९८ पासून पुढचे सगळे माझ्याकडे दे. छापील प्रती माझ्या कपाटात आहेत, वरच्या मजल्यावर, त्या भिजल्या नाहीत. प्रत हातात धरून ओळीओळीने ताडून बघते.

---

सूरसागरकाठ | १६ ऑगस्ट, रात्री ९:४५

काकू, त्या प्रती आहेत हे मला माहितीच नव्हतं. उद्या संध्याकाळी येतो, स्कॅनर घेऊन.

१९९४ ची कन्व्हर्ट केलेली पहिली फाइल लष्करवाला काकांना निरोपातून पाठवली आहे. पान १२ वर जोडाक्षरं जास्त बिघडलीत, तिथून बघायला घ्या.